राम यंत्रातून आलेली ओ

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझं काही म्हणणं नाही. पण पुढे वाचलंत, तर नंतर "पुरावा काय" म्हणून मला मेसेज करू नका. पुरावा मयूर विहारच्या एका फ्लॅटमध्ये, बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसलेला आहे. जा आणि त्याला विचारा.

तो उत्तर देणार नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, अमावस्या लागते, असं कुणी ठरवलं? इथे भर दुपार होती. मे महिना होता. जागा दिल्लीचं जंतर मंतर, कनॉट प्लेसपासून हाकेच्या अंतरावर. बाहेर रस्त्यावर कुणाचा तरी मोर्चा, आत सेल्फी काढणारी पोरं, आणि डोक्यावर असा सूर्य की कबुतरंसुद्धा सावली शोधत होती.

सावली.

सगळं तिथूनच सुरू झालं...

क्षिप्रा मिरीकर माझी आतेबहीण. दिल्लीत वाढलेली, आर्किटेक्चर झालेली, आणि त्या उन्हाळ्यात घरी बसलेली, कारण नोकरी कुणी देत नव्हतं. तिचे बाबा सूर्यकांत मिरीकर. केंद्र सरकारच्या मोजणीच्या कामात हयात गेली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला, रिटायर झाल्यावर मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला. माणूस मोठ्या आवाजाचा. दाढी करताना नाट्यगीतं म्हणायचा, तीही अशी की खालच्या मजल्यावरच्या पंजाबी काकू दार वाजवायच्या. रिक्षावाल्याला हाक मारली की पलीकडच्या रस्त्यावरचे तीन थांबायचे.

हा आवाज लक्षात ठेवा.

तर जंतर मंतरच्या दोन गोल इमारतींना नवा चुना लागणार होता. लावण्याआधी जुनी मापं तपासायची होती. ठेकेदाराला स्वस्तात अनुभवी माणूस हवा होता, मिरीकरांना घरी बसून भाज्या निवडायच्या नव्हत्या. जमलं. मदतीला माणूस द्यायचा होता तो ठेकेदाराने दिलाच नाही. बाबांनी पोरीला उचललं.

"घरी एसीत लोळतेस, त्यापेक्षा उन्हात चल. जरा खरं आर्किटेक्चर बघ."

"बाबा, यार, मे आहे!"

"मे आहे म्हणूनच. सूर्य डोक्यावर असतो."

आपल्याला शाळेच्या सहलीत काय सांगतात? राजा जयसिंगाने वेधशाळा बांधली. बस, चला, डबे उघडा. का बांधली, कशी बांधली, मास्तरलाच माहीत नसतं. त्या काळी पितळेची छोटी यंत्रं असत. हातात हलायची, आस झिजायची, आकडे चुकायचे. जयसिंग म्हणाला, हलणारं यंत्रच नको. विटा, दगड, चुना घेतला आणि यंत्राचीच इमारत केली. तिथल्या त्या मोठ्या तिरक्या जिन्याचा, म्हणजे सूर्यघड्याळाचा, उतार कुणाच्या मर्जीने ठरलेला नाही. तो पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. दिल्लीतच चालेल असा. तोच जिना उचलून पुण्याला ठेवलात तर वेळ खोटी सांगेल.

आज त्याच यंत्राभोवती काचेचे टॉवर आहेत. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या सावल्या त्याच्यावर पडतात. ज्यांनी आकाश मोजायला ही जागा निवडली, त्यांच्या छाताडावर आपण ऑफिसं बांधली आणि आकाशच झाकलं. कुणाला लाज नाही. म्हणून मिरीकरांना काम फक्त मधल्या दुपारी करता यायचं.

आता राम यंत्र. हे नीट वाचा, पुढचं सगळं यावर आहे.

दोन गोल इमारती, शेजारी शेजारी, वरून उघड्या. प्रत्येकीच्या मध्यावर एक खांब. खांबाभोवती, चाकाच्या आऱ्यांसारख्या, कमरेएवढ्या उंचीच्या दगडी पाट्या. दोन पाट्यांच्या मध्ये मोकळी फट, माणसाने उभं राहून मापं घ्यायला. खांबाची सावली पाटीवर पडली की वाचायची. पण सावली सरकत सरकत फटीत उतरली, की?

तेव्हा दुसऱ्या इमारतीत जायचं. कारण इथे जिथे फट आहे, तिथे बरोबर पाटी आहे. इथे पाटी, तर तिथे फट. एकीत जे नाही ते दुसरीत आहे. दोन्ही मिळून एक यंत्र.

म्हणून माणसं दोन लागतात. क्षिप्रा एका इमारतीत, बाबा दुसऱ्या. मध्ये भिंती. एकमेकांना दिसत नाहीत.

बाबांनी पद्धत घालून दिली. सावली क्षिप्राच्या पाटीवरून उतरली की तिने ओरडायचं, "गेली!" बाबांनी पलीकडून म्हणायचं, "आली!" आणि पाटीच्या कडेवर निळ्या खडूची खूण करायची.

"आणि सावली परत माझ्याकडे आली की तुम्ही ओरडणार ना?"

"तुला कशाला सांगायचं? तरुण डोळे आहेत तुझे. दिसेल तुला."

तिला हे तेव्हा खटकलं नाही. आपल्यालाही खटकलं नसतं.

टुरिस्ट हसायचे. द्वारका नावाचा चौकीदार होता, कडुलिंबाखाली झोपायचा, तो वैतागायचा. "अरे बिटिया, यह गेली-आली क्या लगा रखा है? दोपहर में आदमी सोए भी नहीं?"

"अंकल, ड्यूटी पे हो आप!"

"ड्यूटी पे ही तो सो रहा हूँ."

पहिले काही दिवस असे हसण्यात गेले. मग तो मंगळवार आला.

ऊन इतकं की पाटीवर हात ठेववत नव्हता. ऐन दुपारी सावली घाईत असते, एका पाटीवर फार टिकत नाही. क्षिप्रा फटीत उभी राहून, डोळे बारीक करून तिची कड बघत होती. सावली कड सोडून खाली उतरली.

"गेली!"

पलीकडे क्षणभर शांतता... मग...

"आली!"

ठीक. पुढची पाटी. पुन्हा "गेली!" पुन्हा "आली!" असं बराच वेळ चाललं. आवाज आज जरा कोरडा वाटला. तिला वाटलं, बाबांना तहान लागली असेल.

मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर गार बाटली टेकवली.

बाबा.

हातात लिंबू सोड्याच्या दोन बाटल्या. घामाने निथळलेले.

"सॉरी गं. तो अंकुर गेटवर भेटला. छत्री मागितली तर तासभर पाल्हाळ लावलं त्याने. काम थांबलं ना सगळं?"

अंकुर म्हणजे ठेकेदाराचा सुपरवायझर.

क्षिप्रा त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा... तुम्ही आत नव्हता?"

"सांगतोय ना, गेटवर होतो."

तिने त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या इमारतीत नेलं. आत कुणी नव्हतं. एक कबूतर होतं, ते उडालं.

पाट्यांवर निळ्या खुणा होत्या...

एकेका पाटीवर एकेक. ताज्या. आणि खडू बाबांच्या खिशात होता.

"कुणीतरी पोरांनी मस्करी केली असेल," बाबा म्हणाले. पण ते खाली वाकून खुणा बघत होते. खिशातून कागद काढला, आकडे लावले, पुन्हा वाकले. सूर्य कुठल्या क्षणी कुठे असतो हे हिशेबाने काढता येतं, त्याच्याशी खुणा ताडून बघता येतात.

"बरोबर आहेत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सगळ्या. केसभर इकडे तिकडे नाही. हे माझ्यानेसुद्धा..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

क्षिप्राला त्या क्षणी भीती वाटली, पण खुणांची नाही. बाबांच्या चेहऱ्याची. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हेवा होता.

घरी जेवताना तिने आईला सांगितलं. अलकनंदा आत्या पोळी भाजता भाजता थांबली.

"लहानपणी आजी सांगायची, अनोळखी हाकेला ओ देऊ नये. तीन हाका आल्याशिवाय तर मुळीच नाही."

"आई, इथे उलटं आहे. हाक आपली, ओ त्याची."

"मग हाकच मारू नका ना. सोडा ते काम, अहो."

बाबा हसले. "ऊन लागलंय पोरीला. कैरीचं पन्हं दे."

दुसऱ्या दिवसापासून काम झपाट्याने सुरू झालं. "गेली!" की लगेच "आली!" खुणा चोख. अंकुर येऊन लेझरच्या यंत्राने तपासून गेला. "अंकलजी, कमाल है! पिछले हफ्ते तो आपकी रीडिंग बहुत आउट थी. मैं तो दूसरा बंदा ढूँढ रहा था."

क्षिप्राच्या कानात ते राहिलं. मागच्या आठवड्यात चुकत होती? बाबांची?

आणि आणखी एक गोष्ट. बाबांनी दाढी करताना गाणं सोडलं होतं.

घसा बसला होता. आत्याने हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं. "दिल्लीची धूळ," बाबा म्हणाले. खरंच होतं की. दिल्लीत कुणाचा घसा धड असतो? मेट्रोतून उतरल्यावर त्यांनी रिक्षाला हाक मारली. रिक्षावाला समोर उभा होता. त्याला ऐकू गेलं नाही.

पण राम यंत्रात मात्र...

राम यंत्रात आवाज रोज मोठा होत होता. कोरडेपणा गेला होता. "आऽली!" अशी बाबांची ती खास लांबवलेली हाक, शेवटी नाट्यगीतासारखा छोटासा हेलकावा. भिंतीवर आपटून बाहेरपर्यंत जायचा.

घरी कुजबुज, इथे गर्जना. क्षिप्राला हे जुळेना.

एका दुपारी ती "गेली!" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता फटीतून बाहेर पळाली. इमारतीला वळसा घालून पलीकडे. वाटेत कडुलिंब. कडुलिंबाखाली बाबा बसले होते. मीठ लावून ककडी खात.

आणि त्याच वेळी बंद भिंतीआडून...

"आऽली!"

बाबांचं तोंड ककडीने भरलेलं होतं.

"बाबा! आत कोण आहे?"

"बस. ककडी खा." आवाज इतका बारीक की तिला वाकून ऐकावं लागलं.

"बाबा, आत कोण आहे?"

"मला काय ठाऊक. जो कुणी आहे, त्याला मोतीबिंदू नाही."

ती त्यांच्या शेजारी बसली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर झालं. घरात कुणाला सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या यंत्राची गंमत अशी की सावलीची कड धारदार नसते. सूर्य काही टिंब नाही, थाळी आहे. म्हणून सावली कडेला विरत जाते, भुरकट होते. यंत्र जितकं मोठं तितकी भुरकट. चांगल्या डोळ्यांना ती पकडताना नाकी नऊ येतात. बाबांना तर ती कड दिसतच नव्हती. म्हणून ती "गेली"ची पद्धत. पोरीने ओरडलं की अंदाजाने खूण करायची. पोरीला कळणार नाही, ठेकेदाराला कळणार नाही.

"मग ऑपरेशन का नाही केलं?"

"केलं असतं तर अंकुरने दुसरा माणूस आणला असता. मग मी काय, भाज्या निवडू?"

"आणि आवाज? तुमचा आवाज चाललाय, बाबा! तो घेतोय!"

"काम तर करतोय ना," बाबा म्हणाले. "फुकट कोण करतं हल्ली."

राग आला ना वाचून? मलाही आला. आयुष्यभर एका कामात माणसाला पिळायचं, मग म्हणायचं, आता जा घरी. तो माणूस कामासाठी भुताशीही सौदा करेल. करणार नाही तर काय.

क्षिप्राने ठरवलं, हाक बंद. ती हाक मारणार नाही, मग ओ येणार नाही. एवढं सोपं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या फटीत उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. इमारतीच्या दारातून तिला कडुलिंबाखालचे बाबा दिसत होते. सावली पाटीच्या कडेला आली. थबकल्यासारखी वाटली. उतरली.

ती गप्प.

पलीकडेही शांत. बाहेरचा मोर्चासुद्धा त्या वेळी नेमका गप्प झाला होता.

मग...

टक.

खडू दगडावर आपटल्यासारखा.

टक... टक... टक...

कुणीतरी वाट बघत होतं. आणि त्याला वाट बघायची सवय नव्हती.

"क्या ठोक रहे हो भाई अंदर?" द्वारका झोपेतून ओरडला.

टकटक वाढली. क्षिप्राने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हाक तिच्या घशात आपोआप चढत होती, ती गिळत होती. दारातून तिला दिसलं, बाबा उठले. चिडले होते. हातवारे करून विचारत होते, काय झालं, ओरड ना, पाटी चुकतेय! ती मान हलवत राहिली. नाही. नाही.

बाबांनी पलीकडच्या इमारतीकडे तोंड केलं. छाती भरून श्वास घेतला. आणि स्वतःच हाक मारली.

"बाबा, नको!"

तोंड उघडलेलं तिने बघितलं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या बघितल्या. ओठांवर "गेली" हा शब्द स्पष्ट बघितला.

आवाज आला नाही.

थोडासुद्धा नाही. वाऱ्याएवढाही नाही.

आणि भिंतीपलीकडून, भरघोस, खणखणीत, तरुणपणीच्या सूर्यकांत मिरीकरांचा...

"आऽऽली!"

कबुतरं उडाली. टुरिस्ट दचकून बघायला लागले. द्वारका उठून बसला आणि म्हणाला, "वाह अंकलजी, आज तो गला खुल गया!"

बाबा तसेच उभे होते. तोंड उघडं.

त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं.

मयूर विहारच्या घशाच्या डॉक्टरने नळी घालून बघितलं. "सब नॉर्मल है जी. अंकल बोलना नहीं चाहते क्या?" आत्या त्याच्यावर अशी बरसली की बाहेरची रांग आत डोकावली. पुढे मोतीबिंदूची ऑपरेशनंही झाली. आता बाबांना बाल्कनीतून मेट्रोच्या डब्यातली माणसं दिसतात. काम पास झालं, नवा चुना लागला, निळ्या खुणा त्याखाली गेल्या. अंकुरने मिठाईचा डबा पाठवला.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण क्षिप्रा पुन्हा गेली. एकटी, दुपारची, तिकीट काढून. बाबांचा आवाज ऐकावासा वाटला, बस. बापाचा आवाज ऐकायला पोरीला तिकीट काढावं लागतं, यावर मी काय बोलू. ती आपल्या जुन्या जागेजवळ उभी राहिली. हाक मारणार नव्हतीच.

मारावी लागली नाही.

पलीकडून आवाज आला. बाबांचाच. पण शब्द वेगळा होता...

"गेली...!"

आणि मग शांतता. वाट बघणारी.

आता ओ तिने द्यायची होती.

ती पळत सुटली ती थेट मेट्रो स्टेशनवर थांबली. घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं, आई म्हणेल, पुन्हा तिकडे फिरकू नकोस.

आत बाबा दाढी करत होते. नळाचं पाणी ऐकू येत होतं. बाकी काही नाही.

"क्षिपू," आत्या म्हणाली, "एकदा देऊन बघतेस का ओ? तो आवाज परत द्यायलाच बोलवत असेल, तर?"

"आणि घ्यायला बोलवत असेल तर, आई?"

बाथरूमच्या दारात बाबा उभे होते, गालावर साबण तसाच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पोरीकडे बघून ते मान हलवत राहिले. नाही. नाही. अगदी तिने त्या दिवशी हलवली होती तशी.

क्षिप्राने मला हे सगळं सांगितलं तेव्हा शपथ घेतली होती. ओ देणार नाही. तिकडे जाणारसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात मी फोन केला. आत्याने उचलला. आवाजात किती दिवसांनी जीव होता. म्हणाली, "अरे, आज ह्यांनी मला हाक मारली! अगदी बारीक, पण मारली. 'अलका' म्हणाले." ती रडत होती, हसत होती.

मागे कुणीतरी गुणगुणत होतं. मोडकं, बेसूर. नाट्यगीत होतं.

मी म्हटलं, क्षिप्राला दे.

बराच वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

"क्षिप्रा? काय गं, ऐकू येत नाहीये. घसा बसलाय का?"

कान फोनला गच्च लावला तेव्हा कुठे कळलं ती काय म्हणतेय.

"काही नाही रे, दादा... दिल्लीची धूळ."